घोडेवाली आणि बैलवाली

नांदेड-लातूरकडचा कोणी गाड्यांचा शौकीन भेटला की मला एकच प्रश्न विचारतो. मिस्त्री, तुम्ही म्हणे इटलीच्या त्या दोन्ही गाड्या चालवल्यात, घोड्याच्या चिन्हाची आणि बैलाच्या चिन्हाची. मग भारी कोणती? उत्तर एका शब्दाचं आहे आणि ते मी देतो. पण ज्या माणसासाठी मी त्या गाड्या चालवल्या, त्याला ते उत्तर देताना माझी काय गत झाली, हे घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून चार वेळा फोन केला, तेव्हा म्हटलं, हेच लिहून टाकावं.

माझं नाव महेबूब. घर नांदेडात, देगलूर नाक्याला. माझ्या नावावर आजवर एकही चारचाकी झालेली नाही. दारात एक स्कूटर असते, तीही मुलाची. तरी चाळीस वर्षं लोक मला एसटीत नाहीतर रेल्वेत बसवून हैदराबाद, सोलापूर, पार पुण्यापर्यंत गाड्या बघायला नेत होते. आमची मंडळी म्हणते, परक्यांच्या गाड्या बघायला गावोगाव फिरलात, आणि पोरींची स्थळं बघायला माझ्या भावाला पाठवलंत.

या धंद्याला धड नावही नाही. जुनी गाडी घेणारा माणूस घाबरलेला असतो. विकणारा गोड बोलतो, गाडी पुसून ठेवलेली असते. अशा वेळी सोबत एक जाणता माणूस नेतात. तो गाडी चालवून बघतो आणि घ्या किंवा सोडा एवढं सांगतो. तो जाणता माणूस मी. गॅरेजमध्ये शिकलो, पण माझा खरा हुन्नर पान्ह्याचा नव्हता, बुडाचा होता. सीटवर बसून दोन कोस गाडी चालवली की तिच्या पोटात कुठं दुखतंय ते मला कळायचं.

बाहेरच्यांना वाटतं, यात काहीतरी जादू आहे. तसं काही नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर तळवा ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आधी मालकानं गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत ती रडते. गाणी लावलेली असली तर आधी ती बंद करायची, कारण विकणारा टेप उगीच लावत नाही. चटई उचलून वास घ्यायचा. आणि मी चपला काढून, अनवाणी चालवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भक्ती वाटते. पण क्लचची थरथर चपलेतून कळत नाही, तळव्याला कळते.

याशिवाय माझा एक नियम होता आणि पुढची सगळी गोष्ट त्या नियमामुळं घडली, म्हणून तो आधी सांगतो. माझं गाडी चालवून होईपर्यंत गिऱ्हाईकानं आपली पसंती सांगायची नाही, आणि माझ्या शेजारीही बसायचं नाही. दूर हॉटेलात चहा पीत बसायचं.

हा नियम मला कंधारच्या एका किराणा दुकानदारानं शिकवला. फार भला माणूस. हैदराबादला जाताना एसटीतच त्यानं सांगून टाकलं की घरच्यांना पांढरी गाडी पाहिजे. तिथं दोन गाड्या होत्या, एक पांढरी आणि एक हिरवी. पांढरी किंचित डावीकडं ओढत होती. मला ते जाणवलं, पण त्याच्या बायकोची हौस डोक्यात बसलेली, म्हणून मीच माझी समजूत घातली की टायर झिजलाय, बाकी काही नाही. तिसऱ्या महिन्यात ती गाडी सरळ रस्त्यावर नालीत गेली. आधी कधीतरी तुटलेली चॅसी वेल्डिंग करून वर रंग दिलेला होता. जीव वाचले, पण त्याच्या बायकोचा डावा हात नंतर कधी सरळ झाला नाही. मी तोंड लपवत भेटायला गेलो तर त्यांनी मला चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. तेव्हापासून मी स्वतःला बजावलं, जी गाडी आवडते ती चांगली असं धरायचं नाही.

दुसरी गोष्ट किल्लारीच्या भूकंपाच्या वेळची. आमच्या गॅरेजच्या आवारात एक जीप पडून होती, ती मीच बाद ठरवली होती. तिचा तिसरा गिअर हातानं धरून ठेवला नाही तर निसटायचा. भूकंपाची खबर आली तेव्हा चांगल्या गाड्या आधीच निघून गेल्या होत्या, उरली ती. मोहल्ल्यातल्या बायकांनी रोट्या करून दिल्या, पाण्याचे ड्रम चढवले आणि मी लातूर, औसा करत तिकडं पोचलो. डाव्या हातानं गिअर धरून अकरा दिवस त्या गावांतून पाणी वाहिलं. तिथं जे पाहिलं ते लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही, हेही खरं. दगडमातीच्या ढिगापुढं बसलेली माणसं बोटानं दाखवायची, इथं चूल होती, इथं आमची आई निजायची. त्या अकरा दिवसांत जीप एकदाही बंद पडली नाही. मी बाद ठरवलेली गाडी ती. परत आल्यावर मी गिऱ्हाइकांना आधी एक प्रश्न विचारायला लागलो: या गाडीचं काम काय?

पुढच्या काही वर्षांत लातूर बघता बघता वेगळंच गाव झालं. चौकाचौकात क्लासचे फलक, त्यावर हात बांधून उभे असलेले सर. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं पेट्या घेऊन उतरायला लागली, गल्ल्यांमध्ये मेस आणि होस्टेलं निघाली. माझं गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी उसाचा शेतकरी नाहीतर अडत दुकानदार असायचा, तो गाडीत किती माणसं आणि किती पोती बसतात ते विचारायचा. आता सर लोक यायला लागले. आधी जुनी स्कूटर बघायला आले, मग जुनी मारुती, मग मोठ्या काळ्या गाड्या. एका केमिस्ट्रीच्या सरांनी मला, क्लासपुढं उभी केल्यावर गाडी कशी दिसेल, असं विचारलं होतं. मी म्हटलं, सर, उभ्या गाडीतलं मला काही कळत नाही.

बिराजदार सर त्यातलेच, फिजिक्सचे. माझी त्यांची जुनी ओळख, कारण त्यांची पहिली मारुती मीच बघून दिली होती. पंचेचाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं, आणि एवढा मोठा क्लास असून त्यांच्या फलकावर स्वतःचा फोटो नाही. एके दिवशी ते नांदेडला माझ्या घरी आले. म्हणाले, हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडं इटलीच्या दोन गाड्या आहेत, एक लाल घोडेवाली आणि एक पिवळी बैलवाली. रविवारी त्या औशाजवळ येतील, तुम्ही दोन्ही चालवायच्या.

मी सवयीनं विचारलं, "गाडीचं काम काय सर?"

"काम काही न्हाई. मला घ्यायची न्हाई."

मी हसून नाही म्हटलं. न घेणाऱ्यासाठी गाडी बघणं म्हणजे लग्न करायचं नसताना मुलगी बघायला जाण्यासारखं, आणि विकणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं मला कधी पटलं नाही. सर म्हणाले, व्यापाऱ्याला मी सगळं खरं सांगितलंय, तो दिवसभरासाठी गाड्या द्यायला तयार आहे. मग मला राहवेना. घ्यायची नाही तर एवढी यातायात कशाला, म्हणून मी खोदून विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

सरांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. घरी आई-वडील आणि दोघे भाऊ. थोरला शिवराज, त्याला सर अण्णा म्हणायचे. तो कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या पगारावर धाकटा लातुरात कॉलेजला होता. निलंग्याला एका कटिंगच्या दुकानात भिंतीवर या दोन गाड्यांची मोठी चित्रं होती, लाल आणि पिवळी. भाऊ कटिंगला गेले की नंबर येईपर्यंत वाद घालायचे, कोणती भारी. दोघांनी खरी गाडी कधी पाहिलेली नव्हती. वर्षानुवर्षं तोच वाद, आणि त्यात दोघांनाही मजा यायची. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी मात्र गणपती विसर्जनाला जमलेल्या मित्रांपुढं तो वाद चिघळला. सर तेव्हा नुकते फिजिक्स शिकायला लागले होते. ते अण्णाला चारचौघांत म्हणाले, तू अडाणी ट्रॅक्टरवाला, तुला गाडीतलं काय कळतंय. अण्णा उठला आणि घरी जाऊन झोपला. त्याचं तोंड बघायला नको म्हणून सर शेतात झोपायला गेले. सकाळी घर नव्हतं. अण्णा नव्हता, आई-वडीलही नव्हते.

"बाकीचं काही फिटणार न्हाई, ते मला कळतंय," सर म्हणाले. "पण वाद तरी मिटवता येतो ना? कुणाचं खरं होतं, एवढं मला कळायला पाहिजे. पुस्तकातले आकडे मी पाहिलेत, त्यानं कळत न्हाई. तुम्ही सांगा."

"अण्णा म्हणायचा..." असं ते पुढं सांगायला लागले, तोच मी हात वर करून त्यांना थांबवलं. कोण काय म्हणायचं ते आत्ता सांगायचं नाही, माझं चालवून झाल्यावर सांगा. सरांना ते लगेच पटलं. म्हणाले, पेपर तपासताना आम्हीही पोरांची नावं झाकतो. जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, तुमचे वडील नालबंद होते ना? होते. टांग्याच्या घोड्यांना नाल आणि बैलांना पत्री ठोकण्यात त्यांची जिंदगी गेली. सर म्हणाले, मग तुम्हाला दोन्ही जनावरं कळतात. एवढ्या बोलण्यात ते तेवढंच हसले.

रविवारी सकाळी औशाच्या पुढं एका हॉटेलाजवळ मी पोचलो तेव्हा हैदराबादच्या मालट्रकमधून फळ्यांवरून दोन्ही गाड्या अंगुळ-अंगुळ उतरवणं चाललं होतं. औशाची निम्मी माणसं गोळा झाली होती. गाड्यांबरोबर सलीम नावाचा एक माणूस आला होता. मालकाची अट अशी की तो शेजारी बसणार. मी कबूल केलं, त्याचं ओझं दोन्ही गाड्यांना सारखंच. सर हॉटेलात भिंतीकडं तोंड करून बसले. रस्ता ठरला तो वीस किलोमीटर जायचा आणि तसंच परत यायचं, दोन्ही गाड्यांना तोच.

आधी घोडेवाली. तिचं इंजिन पाठीमागं, काचेखाली मांडून ठेवलेलं. त्या काचेवर तळवा ठेवला, थंड होती. चपला काढल्या तेव्हा सलीमनं विचारलं, "चाचा, चप्पल निकाल के कायकू बैठ रहे?" मी म्हटलं, बघ आता. सीट इतकी खाली की बसताना माझ्या बासष्टीच्या गुडघ्यांनी तक्रार केली. चालू करायचं बटण स्टिअरिंगवर, दिव्यांची बटणं स्टिअरिंगवर. वळायचा दिवा द्यायची दांडी मी उगीच शोधत बसलो, ती नव्हतीच, त्याचंही बटण स्टिअरिंगवरच.

गाडी निघाली आणि मला पहिली गोष्ट कळली ती अशी की ती आपल्या मनातलं आधी ओळखते. स्टिअरिंग इतकं हलकं आणि इतकं तिखट की शिंक आली असती तर आम्ही पलीकडच्या शेतात गेलो असतो. गिअर कधी बदलतो ते तळव्यांनासुद्धा कळेना, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. आवाज वर चढत जातो तो बारीक होत जातो, सनईच्या सुरासारखा. ब्रेकवर नुसती बोटं टेकवली तरी ती हुकूम समजते. प्रत्येक गावानं आपापल्या मर्जीनं घातलेले गतिरोधक आले की सलीम ओरडायचा आणि एक बटण दाबायचा. मग गाडी नाक उचलून हलकेच पलीकडं जायची. एका ठिकाणी उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं आम्हाला बराच वेळ रांगावं लागलं. तिथंही ती कुरकुरली नाही, शहाण्यासारखी मागं चालत राहिली. मोकळ्या रस्त्यावर काटा कितीवर गेला ते लिहीत नाही, आमचा मुलगा आरटीओपुढं एजंट आहे. परत आलो तेव्हा मी गप्प होतो. आमच्या धंद्यात सगळे दोष शोधायचे असतात, आणि मला नोंदण्याजोगा एकही सापडला नव्हता.

मग बैलवाली. ती चालू झाली तीच भुंकून. हॉटेलपुढचे लोक दोन पावलं मागं सरले. सीट फळीसारखी, मागचं काही दिसत नाही, स्टिअरिंगला जोर लावावा लागतो. गिअर बदलला की ती पाठीत एक धक्का देते, दर वेळी, जणू आठवण करून देते की मी आहे बरं का. ब्रेक थंड असताना अडून बसतात, मग एकदम धरतात. त्याच जागी पुन्हा उसाच्या ट्रॉल्या लागल्या, आणि रांगताना तिच्या क्लचची थरथर माझ्या तळव्याला लागली. हळू चालणं तिला जमत नाही, ती तापते आणि आपल्यालाही तापवते. सगळे दोष मी मनात लिहून घेत होतो.

पण पुढं एका ठिकाणी रस्त्याचं काम अर्धवट होतं, सगळी सुटी खडी. घोडेवाली तिथं घोट्यात लचकल्यासारखी झाली होती. ही चारी चाकांनी ओढते. खडी आली कधी आणि गेली कधी, पत्ता नाही. पुढं मोकळा रस्ता लागला आणि मी पाय दाबला. दहा सिलिंडरच्या त्या इंजिनाचा आवाज सनईसारखा नाही. तो खालून, पोटातून येतो, आणि दोन्ही बाजूंच्या शिवारातून परत येऊन आपल्या अंगावर आदळतो. थोड्या वेळानं सलीम माझ्याकडं बघायला लागला. मी मोठ्यानं हसत होतो. एकटाच, पोर झोक्यावर हसतं तसा.

परत येताना शेवटचे दोन किलोमीटर मी मुद्दाम हळू चालवली, कारण निकाल ठरवायचा होता. खरं सांगायचं तर सरांच्या चेहऱ्यावरून अण्णाचं चिन्ह कोणतं असेल ते ओळखावं आणि तेच सांगून टाकावं, हे माझ्या मनात आलं. मेलेल्या माणसाला जिंकवलं तर कोणाचं काय बिघडतं? पण मग कंधारच्या त्या बाईचा हात डोळ्यापुढं आला. मी माझ्या रीतीप्रमाणं हिशेब मांडला: स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, हळू चालणं. चारीत घोडेवाली सरस. आवडलं म्हणजे चांगलं नव्हे.

सर अजून भिंतीकडं तोंड करूनच बसले होते. समोर चहा तसाच, वर साय धरलेली. मी त्यांच्यापुढं बसलो आणि म्हटलं, "घोडेवाली, सर."

"पक्कं?"

"पक्कं. दोन्ही सारख्याच चालवल्या. घोडेवाली चांगली गाडी आहे."

सरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझंच खरं होतं."

एवढ्या वर्षांत मला माझ्या नियमाचा पहिल्यांदा राग आला. आधी विचारलं असतं तर निदान शब्द तरी जपून वापरले असते. वाद जिंकलेला माणूस इतका पडलेला मी पाहिला नव्हता. ते माझ्याशी नाही, त्या चहाशी बोलत होते. "अण्णा म्हणायचा, घोडा पाटलाच्या दारात असतो, बैल आपल्या दारात. मग आपली कोणती? त्यावर मी त्याला हसायचो. म्हणायचो, असं कुठं फिजिक्स असतं का. आणि तो कटिंगच्या दुकानात, चित्रापुढं बसून, तोंडानं त्या गाडीचा आवाज काढायचा. सगळं दुकान हसायचं. मला लाज वाटायची."

मी विचारलं, कसा आवाज काढायचा? सरांनी प्रयत्न केला, पण त्यांना काही तो जमला नाही.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिक्षक माणूस, अर्धवट उत्तर त्यांना लगेच कळतं. म्हणाले, "मिस्त्री, चांगली कोणती ते सांगितलं तुम्ही. आवडली कोणती?"

"ते मी सांगत नसतो. माझ्या आवडीला धंद्यात किंमत नाही."

"धंदा कुठाय इथं? मला गाडी घ्यायची न्हाई, तुम्हाला इकायची न्हाई. सांगा."

मी सांगायच्या आधीच सलीम बोलला. तो शेजारच्या टेबलावर पोहे खात होता, मराठी त्याला समजत होती. "साहब, पीलीवाली में चाचा हंस रे थे. लाल में चुपच बैठे थे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हाव सर. खरं हाय. चालवायला घोडेवाली चांगली, पण जीव बैलवालीवर बसला. मला कोणी विचारलं की उद्या पुन्हा एकदा कोणती चालवायची, तर मी हिशेब मांडत बसणार न्हाई. तुमच्या अण्णाला फोटोवरून जे कळलं, ते मला चाळीस किलोमीटर चालवून कळलं."

यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, हे या अंकातून लेखी देतो. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडताहेत असं वाटलं, पण खांदे हलत होते ते हसण्यानं; मग नक्की कशानं ते मलाही सांगता येईना. हॉटेलवाला पाण्याचा तांब्या ठेवून गेला. थोड्या वेळानं ते तोंड धुऊन उठले आणि म्हणाले, पिवळीत बसू, तुम्ही चालवा, गावाकडं जाऊ.

पिवळीत दोघांचीच जागा, म्हणून सलीमला मी तिथंच समजावलं. तो आधी नाही म्हणाला, मग मालकाला फोन केला, मग लाल गाडी मालट्रकवाल्याकडं सोपवून, सर ज्या जीपनं आले होते तिच्यात बसून आमच्या मागून आला.

भूकंपानंतर वसवलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, तिथले रस्ते रुंद आणि सरळ आहेत. सरांच्या नव्या गावातून ती गाडी सहज गेली. लोक ओट्यांवर येऊन बघत राहिले, सर कोणाकडं बघत नव्हते. पण जुनं गावठाण तिथून पुढं आहे, आणि तिकडं जाणारं डांबर एका कडुनिंबापाशी संपतं. पुढं पांदण, दगड, बाभळी. नाक उचलायचं बटण दाबूनही ही गाडी तिथं जाणं शक्य नव्हतं. मी थांबवली आणि बंद करायला हात पुढं केला.

सर दार उघडून उतरले होते. वाकून म्हणाले, "बंद करू नका. मी तिथवर जातो, तुम्ही चालू ठेवा. आवाज जाऊ द्या तिकडं."

ते पांदणीनं चालत गेले. चांगल्या शर्टाला बाभळीचे काटे लागत होते, ते सोडवत नव्हते, तसेच ओढून पुढं जात होते. दगडांच्या ढिगांवर आता गवत आणि तुळशी उगवल्या आहेत. एका ठिकाणी ते उभे राहिले. पूर्वी तिथं घरातली कोणती खोली होती, ते मला गाडीतून कळण्यासारखं नव्हतं. माझ्या बाजूची काच मी खाली केली आणि पायानं हळूहळू दाबत गेलो. आवाज त्या ढिगांपर्यंत गेला आणि परत आला. झाडावरचे राघू उठले.

उभ्या गाडीला असं ओरडायला लावणं तिच्यासाठी वाईट. वारा लागत नाही, इंजिन तापतं. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, त्यासाठी दोघाचौघांना झापलंही. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मागं पंखे सुरू झाले. सलीम धावत आला आणि काचेतून म्हणाला, "चाचा, गरम हो रई, बंद करो. मालिक मारेंगे मेरे कू."

मी त्याला बोटानं तिकडं दाखवलं आणि सांगितलं, तिथं त्यांचा भाऊ आहे, त्याला ऐकवतायत. सलीमनं बराच वेळ त्या ढिगांकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दोन्ही हात पुढं बांधून गाडीच्या बाजूला उभा राहिला.

काटा लाल रेषेच्या जवळ आला होता. लांबून सरांनी पाठमोऱ्यानंच हात वर केला, अजून एकदा, अशा अर्थानं. मी पुन्हा पाय दाबला.